एक नाव सांगा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, 'म्हणजे', 'बघा' थोडे कमी केलेत.)

   आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. एरवी मी काहीतरी वाचते आणि तुम्हाला येऊन सांगते. आज मी आधीच सांगून बसलेली एक गोष्ट दुरुस्त करणार आहे.

तर झालं असं. दोन महिन्यांपूर्वी मी एक रील टाकलं होतं. चाळीस सेकंदांचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलंय, कारण माझ्या बाकीच्या सगळ्या रील्सना मिळून जेवढे व्ह्यूज नाहीत तेवढे त्या एकट्याला आले. त्यात मी नाचाची साडी नेसून अरमंडीत बसलेय आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'भरतनाट्यम मराठी आहे, माहितीये?' मागे ढोल-ताशा. हो, भरतनाट्यमला ढोल-ताशा. आता आठवलं तरी कसंतरी होतं.

कमेंट्स काय आल्या असतील ते तुम्ही ओळखलंच असेल. भगव्या झेंड्यांचे इमोजी. 'आपला वारसा'. 'ही माहिती शाळेत का शिकवत नाहीत'. आणि काही कमेंट्स अशाही की, तमिळ लोकांनी आपलं चोरलं. मी त्यांनासुद्धा लाइक दिलं होतं. खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती.

आता आधी हे सांगते की त्या रीलमध्ये काय बरोबर होतं. कारण गंमत अशी आहे की जवळजवळ सगळंच बरोबर होतं.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांना एकोजी पण म्हणतात. १६७५-७६च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतलं. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षं, कावेरीच्या काठावर भोसल्यांची गादी होती. आणि हे राजे नुसते गादीवर बसून राहणारे नव्हते. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी नाटकं लिहायचे. तेलुगूत लिहायचे, मराठीत लिहायचे. त्यांच्या नावावर एक नाटक असं आहे की ज्यात पाच भाषा आहेत. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत. एकाच नाटकात. आपण आज दोन भाषांची वेबसिरीज निघाली की केवढं कौतुक करतो!

आपण मराठी नाटकाचा वाढदिवस ५ नोव्हेंबरला करतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं म्हणून. पण शहाजीराजांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक त्याच्या दीडशे वर्षं आधीचं, १६९० च्या आसपासचं. म्हणून काही अभ्यासक पहिल्या मराठी नाटकाचा मान त्याला देतात.

पुढे आले तुळजाराजे. त्यांनी 'संगीत सारामृत' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात संगीत आहे आणि नृत्यही आहे. आणि मग दुसरे सरफोजी, १७९८ ते १८३२. हे माझे सगळ्यात आवडते. इंग्रजांनी १७९९ मध्ये त्यांचं राज्य जवळजवळ काढूनच घेतलं. हातात राहिला किल्ला, मानमरातब आणि तनखा. मग या माणसानं काय केलं? ग्रंथ गोळा केले. आजचं सरस्वती महाल ग्रंथालय म्हटलं की त्यांचंच नाव येतं, आणि तिथे मराठी हस्तलिखितंच काही हजार आहेत. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळनाडूतल्या चोळांच्या देवळाच्या दगडावर मराठी. उभं राहून वाचता येतं.

आणि नाचासाठी मराठीत रचना केल्या. त्यांना निरूपणं म्हणतात. एकच कथा घ्यायची आणि ती अनेक नृत्यप्रकारांमधून क्रमानं पुढे न्यायची. शब्द, वर्ण, पद, तिल्लाणा, असे. त्या संग्रहाचं नाव आहे 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस'. 'जिन्नस' बघा! आपण किराणा मालाच्या यादीत म्हणतो ना, पाच जिन्नस आणायचेत, तोच शब्द. तंजावरच्या दरबारात तो नाचाच्या आयटमसाठी वापरला जायचा.

अजून एक. 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी म्हणजे डोंगरातून आलेली भविष्य सांगणारी बाई ज्यात असते असा तमिळ नाट्यप्रकार. सरफोजींच्या मराठी कुरवंजीत ती बाई जगाचा भूगोल सांगते. म्हणजे विचार करा, नाचातून भूगोलाचा तास.

त्यांच्याच दरबारात चार भाऊ होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. आज आम्ही स्टेजवर ज्या क्रमानं नाचतो, आधी अलारिपू, मग जतिस्वरम, शब्दम, वर्णम, मग पदम, जावळी, शेवटी तिल्लाना, ज्याला 'मार्गम' म्हणतात, ती घडी बसवण्याचं श्रेय या चौघांना देतात. यातले वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले, आणि महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं.

तर हे सगळं मी चाळीस सेकंदांत कोंबलं होतं. राजांची नावं, गुरूंची नावं, साल, ग्रंथ. आणि शेवटी निष्कर्ष, म्हणजे भरतनाट्यम आपलं.

मग एका रात्री मला एक मेसेज आला. तमिळनाडूतल्या एका बाईंचा. त्यांचं नाव मी घेणार नाही, त्यांनी तसं सांगितलंय. मेसेज इंग्रजीत होता, फार सभ्य होता, आणि छोटा होता. कुणीतरी त्यांना रीलचा अर्थ सांगितला होता. त्यांनी लिहिलं होतं की तुम्ही राजांची नावं घेतलीत, चार नट्टुवनारांची घेतलीत, छान. पण नाचत कोण होतं? एक नाव सांगा.

एवढंच.

मी मोबाईल खाली ठेवला. म्हटलं, सोपं आहे, सांगू की. आणि मला एकही नाव येईना.

मंडळी, मी नऊ वर्षं भरतनाट्यम शिकलेय. डोंबिवलीत, शाळेच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार. परीक्षा दिल्यात, लेखी पेपर दिलेत. 'तंजावरच्या चार बंधूंचे योगदान लिहा', दहा मार्क, मला नऊ मिळाले होते. माझं अरंगेत्रम झालं. त्या दिवशी मी जे शब्दम केलं त्याच्या शेवटी 'सलामुरे' असा शब्द येतो. मी वाकून सलाम करते. कुणाला करते, कोण करायचं असा सलाम, कुठे उभं राहून करायचं, हा प्रश्न मला नऊ वर्षांत एकदाही पडला नव्हता. तो सलाम दरबारातला आहे. माझ्या आधी शेकडो बायकांनी तो केलाय. खऱ्या राजासमोर, खऱ्या दरबारात. आणि मला त्यातली एकही माहीत नव्हती.

मी त्या बाईंना खरं तेच लिहिलं. मला माहीत नाही. आणि विचारलं की फोन करू का?

फोन झाला. पाऊण तास. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही बेताचीच. त्यांची पणजी एका मेळात नाचायची. तिकडे नाचाच्या ताफ्याला 'चिन्न मेळम' म्हणतात, म्हणजे लहान मेळा. नादस्वरमचा तो मोठा मेळा, पेरिय मेळम. आणि या नाचाला तेव्हा भरतनाट्यम म्हणत नसत. सदिर म्हणत, दासी आट्टम म्हणत. पणजी नाचली, आजी थोडंफार शिकली आणि थांबली, आणि आईनं घरात घुंगरू येऊच दिले नाहीत. या बाई स्वतः शिकल्या नाहीत. त्यांची मुलगी आता क्लासला जाते. फी भरून. त्या हसून म्हणाल्या, आमच्याच घरातलं आम्ही आता महिन्याच्या महिन्याला विकत घेतो.

मला त्या हसण्याचं काय करावं ते कळलं नाही.

त्यानंतर मी वाचायला बसले. यावेळी राजे बाजूला ठेवून. ते आता तुम्हाला सांगते.

या ज्या बायका होत्या, देवळाशी किंवा दरबाराशी जोडलेल्या, त्यांची घरं आपल्या घरांसारखी नव्हती. वारसा आईकडून मुलीकडे जायचा. त्या लिहायला-वाचायला शिकलेल्या असत, अनेकींना तीन-तीन भाषांतली पदं पाठ असायची. तंजावरच्या नाचणाऱ्या बाईला तेलुगू यायला हवं, कारण बरीचशी पदं आणि वर्ण तेलुगूत. तमिळ घरची. आणि दरबार मराठी, म्हणून मराठी रचना. म्हणजे सरफोजींचं मराठी निरूपण ज्या तोंडांनी गायलं आणि ज्या हातांनी दाखवलं, त्यातल्या बहुतेकींची मातृभाषा मराठी नव्हती. आपण म्हणतो आपली भाषा तिथवर पोचली. पोचली, पण कुणाच्या तरी अंगावरून पोचली.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की सगळं काही छान छान नव्हतं. या बायका राजाच्या, जमीनदाराच्या, आश्रयदात्याच्या मर्जीवर होत्या. मर्जी गेली की सगळं गेलं.

याचं एक उदाहरण आपल्याला फार जवळचं आहे. १८८० साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं लग्न झालं. वधू तंजावरची, लक्ष्मीबाई, लग्नानंतर चिमणाबाई. आणि त्यांच्याबरोबर तंजावरहून नाचाचा ताफाही बडोद्याला आला. नाचणाऱ्या दोघी, गौरा आणि कांतिमती. सोबत नट्टुवनार आणि वादक. आंदण म्हणून आला असं सांगतात. आंदण, म्हणजे आपल्याकडे लग्नात भांडी, दागिने, गाय देतात ते. बडोदे संस्थानात कलावंतांसाठी एक खातंच होतं, कलावंत कारखाना. त्यात यांची सोय झाली. अशा रीतीनं हा नाच गुजरातेत एका मराठी संस्थानात पोचला. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ पुढे बडोद्याच्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवायचे. त्यांचं आडनाव काय, माहितीये? तंजोरकर. अगदी आपल्या नाशिककर, सांगलीकरसारखं.

हे वाचलं आणि मला पहिली दोन नावं मिळाली. गौरा आणि कांतिमती. मी ती वहीत लिहून ठेवली.

मग काय झालं? १८५५ मध्ये तंजावरची गादी वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केली होतीच. कलावंत पांगले, बरेच मद्रासला गेले. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या बायकांविरुद्ध चळवळ सुरू झाली. पुढे तिला सगळ्यात ठाम आवाज मिळाला तो डॉक्टर मुत्तुलक्ष्मी रेड्डींचा. त्या मद्रास विधान परिषदेवर गेलेल्या पहिल्या महिला. आणि त्यांची आई स्वतः याच समाजातली. म्हणजे त्या बाहेरून बोलत नव्हत्या, लहान मुली देवाला वाहण्यामागे काय चालतं ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी १९४७ मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. आपल्या मुंबई इलाख्यात तसा कायदा १९३४ मध्येच झाला होता.

मला यात कुणाला व्हिलन करायचं नाहीये. मुली वाहणं थांबलं, ते थांबायलाच हवं होतं. पण त्याच वर्षांत दुसरी एक गोष्ट घडत होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे हा नाच शिकल्या. हे गुरू त्या तंजावरच्या चौघा भावांच्याच घराण्यातले. रुक्मिणीदेवी १९३५ मध्ये स्टेजवर आल्या, १९३६ मध्ये कलाक्षेत्र सुरू झालं. सदिर हे नाव मागे पडलं आणि भरतनाट्यम हे नाव रुळलं. चांगल्या घरच्या मुली शिकायला लागल्या. माझ्यासारख्या.

आता हे जोडून बघा. नाच वाचला. नाच शिकवणारे पुरुष गुरू म्हणून वाचले, त्यांना मान मिळाला, तो त्यांचा होताच. आणि नाचणाऱ्या? ज्यांच्या अंगात तो पिढ्यान्‌पिढ्या होता, त्यातल्या बहुतेक जणी घरी बसल्या. 'चांगल्या घरच्या' मुलींनी नाचावं म्हणून तो नाच आधी कुणाच्या तरी घरातून बाहेर काढावा लागला. आणि घर वाईट होतं असं म्हणावं लागलं.

आणि हे सगळं दूर तिकडे मद्रासमध्ये झालं असं म्हणून मला सुटता येत नाही. कारण माझी आजी.

आजी गोव्याच्या हद्दीजवळची, सावंतवाडीकडची. मी सात वर्षांची असताना आईनं मला क्लासला घातलं तेव्हा आजी म्हणाली होती, "नाचूक कित्याक व्हया? आपण काय कलावंतिणी?" आई चिडली, आजी गप्प बसली, विषय संपला. पण हीच आजी रेडिओवर मोगूबाई लागल्या की हातातलं काम टाकून बसायची. मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर, या दोघी गोव्याच्या. दोघीही कलावंत समाजातल्या. केसरबाईंचा आवाज तर १९७७ मध्ये नासानं व्हॉयेजर यानावर घालून अंतराळात पाठवला. पृथ्वीवरच्या माणसांची ओळख म्हणून. म्हणजे बघा, आवाज सूर्यमालेच्या बाहेर गेला तरी चालतो, पण घुंगरू आमच्या माजघरात नको.

मी आजीला या सगळ्याबद्दल विचारू शकत नाही, ती आता नाही. विचारलं असतं तर काय म्हणाली असती कुणास ठाऊक. कदाचित परत गप्प बसली असती.

आता परत त्या रीलकडे येते. भरतनाट्यम कुणाचं?

मी एक गोष्ट आधी अर्धीच सांगितली. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर'. ते कशामुळे झालं? कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली होती. ते खेळ बघून सांगलीच्या राजांनी भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्याकडे मराठीत करा. म्हणजे ज्याचा वाढदिवस आपण दरवर्षी करतो, त्या मराठी रंगभूमीची ठिणगी कन्नड मुलखातून आली. मग उद्या एखाद्या कन्नड मुलीनं रील टाकलं, 'मराठी नाटक कन्नड आहे, माहितीये?' आणि मागे यक्षगानाचं चंडे वाजवलं, तर? मला राग येईल. तुम्हालाही येईल. आणि तरी तिची माहिती खरी असेल, जशी माझी खरी होती.

या कला अशाच फिरतात. आपल्याकडचं कीर्तन एकोणिसाव्या शतकात तंजावरला गेलं, आणि तिथल्या कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथा उभी केली. आजही हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तशीच आहेत. तमिळ माणूस तमिळमध्ये गाताना म्हणतो, आता ही साकी. ते ऐकताना मला छान वाटतं, आणि छान वाटण्यात काहीच चूक नाही. चूक कुठे होते, तर आपण 'आपलं' म्हणतो आणि लगेच मालक होतो. राजाचं नाव घेतो, कारण राजा आपल्या आडनावांपैकी एक वाटतो. पण तंजावरच्या त्या दरबारात मी कुठे बसले असते? सिंहासनाजवळ नक्कीच नाही. नाचणाऱ्या मुलीचं नातं जोडायचंच असेल तर ते नाचणाऱ्या बाईशी जोडायला हवं. राजाशी काय म्हणून?

त्या बाईंना मी विचारलं, रील डिलीट करू का? त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही ठरवा, मला त्याचं काही नाही. मला फक्त नावाशी मतलब होता. मी ते ठेवलंय, पण वरचं वाक्य काढलंय, ढोल-ताशा काढलाय, आणि या एपिसोडची लिंक वर पिन केलीये. व्ह्यूज थांबलेत. ठीक आहे.

आमच्या ताईंनाही मी विचारलं, ज्यांच्याकडे मी शिकले. ताई, तुम्हाला माहीत होतं? ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मला शिकवताना कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमात निवेदन तू लिही. तर ते मी लिहितेय. राग, ताल, रचनाकार, हे आपण नेहमी सांगतो. त्यापुढे एक ओळ अजून.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्यापैकी कितीतरी जण मोडी शिकताय, मला माहितीये, तुम्ही मला तुमच्या सरावाच्या वह्यांचे फोटो पाठवता. तंजावरच्या दरबाराचा कारभार मोडीत चालायचा. त्या कागदांचे शेकडो रुमाल अजून तिथे आहेत. त्यात कुणाला किती दिलं, कुणाला कापड दिलं, अशा नोंदी आहेत, आणि त्यात नाचणाऱ्या बायकाही आहेत. म्हणजे त्यांची नावं आपल्याच लिपीत बांधून ठेवलेली आहेत. वारसा वारसा म्हणतो ना आपण? मग हे काम आपलं. तिकडच्या मुलीला मोडी कुठून येणार? ते वाचून तिला तिच्या पणजीची पणजी शोधून देणं, हे मात्र आपण करू शकतो.

जाता जाता, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. मी ते त्यांना पाठवलं, आणि तुम्हालाही ऐकवते.

अठराव्या शतकात तंजावरच्या दरबारात, मराठ्यांच्या दरबारात, एक बाई होत्या. पापम्माळ. गायच्या, नाचायच्या. त्यांची मुलगी रुक्मिणी. तिची मुलगी कामाक्षी, तीही नाचायची, म्हातारपणापर्यंत नाचली म्हणतात. कामाक्षीची मुलगी सुंदरम्माळ, गायिका. सुंदरम्माळची मुलगी वीणा धनम्माळ, जिची वीणा ऐकायला शुक्रवारी संध्याकाळी मद्रासमधले मोठमोठे गवई तिच्या घरी येऊन बसायचे. धनम्माळची मुलगी जयम्माळ. आणि जयम्माळची मुलगी टी. बालसरस्वती. १९१८ चा जन्म. सात वर्षांच्या असताना कांचीपुरमच्या देवळात पहिल्यांदा नाचल्या. सगळीकडे दारं बंद होत असताना नाचत राहिल्या. पुढे अमेरिकेत शिकवलं, पद्मविभूषण मिळालं, आणि सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'बाला' नावाची फिल्म केली. आज ऐकून झालं की ती बघा. समुद्राच्या काठावर नाचतात त्या, साडीचा पदर वाऱ्यावर उडतोय आणि त्यांना त्याचं काही नाही.

सात पिढ्या. एकही राजा मध्ये न घेता सांगता येतात.

मी ही नावं पाठवली तेव्हा त्या बाईंचं उत्तर आलं. या सगळ्या मला माहीत आहेत, त्या प्रसिद्ध आहेत. पण तुम्ही शोधलंत, थँक यू. आणि मग थोड्या वेळानं अजून एक मेसेज आला. त्यात फक्त एक नाव होतं. त्यांच्या पणजीचं.

ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते सांगायचा हक्क त्यांचा आहे. पण पुढच्या वेळी शब्दम करेन आणि शेवटी सलाम येईल, तेव्हा तो कुणाला करायचा ते आता मला माहीत आहे.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.